डिप्रेशनमुळे बोर्ड आऊट झालात आणि डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली? अपील असं करा

गोळी लागून पाय गेलेल्या जवानाला डिसॅबिलिटी पेन्शनसाठी सहसा फारसं भांडावं लागत नाही. डिप्रेशन, पीटीएसडी (भीषण प्रसंगाच्या धक्क्याने जडणारा मानसिक आजार) किंवा स्किझोफ्रेनियामुळे बोर्ड आऊट झालेल्याच्या, म्हणजे मेडिकल बोर्डाच्या मतावर घरी पाठवलेल्याच्या हातात मात्र बरेचदा रेकॉर्ड ऑफिसचं नकाराचं पत्रच आधी पडतं. पत्रातली भाषा ठरलेली: आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही, सबब पेन्शन देय नाही. फौजेत याला थोडक्यात 'एनएएनए' म्हणतात. हे पत्र आलेल्या जवानासाठी हा लेख आहे, आणि त्याहून जास्त त्याच्या बायकोसाठी, भावासाठी, वडिलांसाठी; कारण अशा घरात कागदांची धावपळ तीच माणसं करतात.

सुरुवातीलाच एक समजून घ्या. तुम्ही आजारी आहात की नाही, यावर इथे कुणाचा वाद नाही. ते लष्कराच्याच डॉक्टरांनी लिहून दिलंय, म्हणून तर घरी पाठवलं. वाद आहे तो मेडिकल बोर्डाच्या फॉर्मातल्या एका रकान्याचा: या आजाराचा सेवेशी संबंध आहे की नाही. त्यामुळे 'झोप लागत नाही, संसार उघड्यावर पडलाय' असं लिहून पानं भरण्यात हशील नाही. ते खरं असलं तरी त्यावर निर्णय होत नाही. निर्णय होतो तो तारखा, ठाणी आणि बोर्डाने लिहिलेली कारणं यांवर.

बोर्डाची प्रत हातात आल्याशिवाय एक ओळ लिहू नका

घरी पाठवताना जो बोर्ड बसतो, त्याचा फॉर्म एएफएमएसएफ-१६. सेवेची मुदत संपवून निघालात तर तो रिलीज मेडिकल बोर्ड, आजारामुळे मुदतीआधीच काढलं तर इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड. अनेकांकडे त्याची पूर्ण प्रत नसते, असलीच तर पहिलं पान असतं. माहिती अधिकाराचा अर्ज रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याला करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावात, तोफखान्याचं नाशिक रोडला, आर्मर्ड कोअरचं अहिल्यानगरला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. नौदलाच्या खलाशांसाठी मुंबईत मानखुर्दचा कमोडोर ब्यूरो ऑफ सेलर्स आणि हवाई दलासाठी दिल्लीत सुब्रोतो पार्क. अर्जावर आर्मी नंबर, रँक आणि सेवानिवृत्तीची तारीख ठळक लिहा. त्यावाचून फाइल सापडत नाही.

नुसता बोर्ड मागून थांबू नका. बोर्डाबरोबरची मानसोपचारतज्ज्ञाची केस समरी मागा. यापूर्वीचे कॅटेगरी (वैद्यकीय श्रेणी) बदलण्याचे सगळे बोर्ड मागा, म्हणजे मानसिक प्रकृतीसाठीच्या 'एस' या अक्षराखाली तुम्हाला केव्हा काय दिलं होतं ते कळेल. भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी मागा. पोस्टिंगची यादी आणि सुट्टीच्या नोंदी मागा. आणि एएफएमएसएफ-१० विसरू नका. जवानाला मानसोपचारासाठी पाठवताना युनिटचा कमांडिंग ऑफिसर त्याच्याबद्दल जो अहवाल देतो तो हा फॉर्म. काम कसं करायचा, वागणं केव्हापासून बदललं, कुठल्या प्रसंगानंतर बदललं, हे त्यात युनिटने स्वतःच्या सहीने लिहिलेलं असतं. माझ्या मते मानसिक आजाराच्या केसमध्ये याच्याइतका मोलाचा कागद दुसरा नाही, आणि नेमका तोच कुणी मागत नाही.

उपचाराचे कागद द्यायला हॉस्पिटल टाळाटाळ करत असेल तर मानसिक आरोग्य देखभाल कायदा, २०१७ च्या कलम २५ चा उल्लेख करा. आपली वैद्यकीय नोंद पाहण्याचा हक्क त्यात रुग्णाला दिलेला आहे.

जाता जाता एक सांगतो: सिव्हिल सर्जनकडून मिळणारं दिव्यांग प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट. एसटीच्या सवलतीला, शासकीय योजनांना ते कामाचं. पण लष्करी पेन्शनसाठी टक्केवारी ठरते ती लष्करी बोर्डाचीच.

नकाराची नेहमीची कारणं

प्रत आली की संबंध नाकारणाऱ्या रकान्यासमोरचं कारण शोधा. साधारणपणे दोन-तीनच कारणं फिरून फिरून येतात. एक, आजार 'कॉन्स्टिट्युशनल' आहे, म्हणजे उपजत, माणसाच्या घडणीतलाच. दुसरं, आजार पीस स्टेशनला, म्हणजे फील्डबाहेरच्या शांत ठाण्यावर असताना सुरू झाला, त्यामुळे सेवेचा ताण नव्हता. तिसरं, घरगुती कारणं: बायकोशी पटत नाही, जमिनीचा वाद, कर्ज. कधी कधी कारणाच्या जागी नुसतं एक वाक्य असतं, तर कधी तेही नसतं. कारणच नसेल तर नाराज होऊ नका, उलट तीच तुमची सगळ्यांत मजबूत बाजू आहे. का, ते पुढे येईल.

'उपजत' या शेऱ्यामागे अनेकदा घरच्यांचंच बोलणं असतं. कमांड हॉस्पिटलला किंवा नौदलाच्या मुंबईतल्या अश्विनी हॉस्पिटलला भरती असताना डॉक्टर वडिलांना, बायकोला विचारतात, लहानपणी कसा होता? आपल्याकडे सहज बोलून जातात, 'तो पहिल्यापासूनच जरा अबोल, रागीट होता हो.' किंवा 'त्याचा एक चुलताही असाच होता.' ते कागदावर उतरतं आणि पुढे आजार जुना असल्याचा पुरावा होऊन बसतं. खोटं बोला असं मी म्हणत नाही. पण अबोल असणं हा आजार नव्हे, आणि भरतीच्या आधी कधी डॉक्टरकडे न्यावं लागलं नव्हतं हेही तितकंच खरं असेल तर तेही सांगून लिहून घ्यायला हवं. आता ती वेळ गेली असेल तर अपिलात मांडा: भरतीपूर्वी उपचार नाही, शाळेत नियमित हजेरी, भरतीच्या तपासणीत कोणतीही नोंद नाही, त्यानंतर अमुक इतकी वर्षं शेप-१, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त श्रेणी.

बोर्डात दारूचंही निदान असेल, म्हणजे एफ-३२ किंवा एफ-३३ या डिप्रेशनच्या कोडबरोबर एफ-१० हा कोड दिसत असेल, तर दोन्ही वेगळे धरा. दारूमुळे आलेल्या अपंगत्वाला भरपाई नाही आणि त्यावर वाद घालून उपयोग नाही. पण प्रत्येक आजाराचा संबंध आणि टक्केवारी बोर्डाने स्वतंत्र लिहायची असते. डिप्रेशन आधी आणि दारू नंतर, असा क्रम कागदांवरून निघत असेल तर तो तारखांनिशी दाखवा.

दोन रकान्यांचा कागद

वकिलाकडे जाण्याआधी एक काम घरीच होऊ शकतं आणि ते घरच्यांइतकं चांगलं दुसरं कुणी करू शकत नाही. कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे सेवा: कोणत्या तारखेपासून कुठे, फील्ड की पीस, राष्ट्रीय रायफल्सची टर्म केव्हा, सियाचिन किंवा इतर हाय अल्टिट्यूड केव्हा, कोणती चकमक, कोणता अपघात, कोण साथीदार गेला, कोणती सुट्टी मागितली आणि कोणती नाकारली. उजवीकडे आजार: झोप केव्हा उडाली, युनिटच्या डॉक्टरला पहिल्यांदा केव्हा दाखवलं, मिलिटरी हॉस्पिटलला पहिली भरती केव्हा, कॅटेगरी केव्हा लागली, कॅटेगरी असतानाही पुढची पोस्टिंग कुठे झाली.

आता हा कागद लष्कराच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठीच्या पेन्शन मार्गदर्शिकेशी ताडून बघा. २००८ साली सुधारलेल्या आवृत्तीचा परिच्छेद ५४ मानसिक आजारांबद्दल आहे आणि तो पुष्कळ स्पष्ट आहे. लढाईच्या किंवा दहशतवादविरोधी कारवाईच्या भागात, हाय अल्टिट्यूडला किंवा अगदी एकाकी चौकीवर असताना मानसिक आजार झाला तर तो सेवेमुळे झालेला धरायचा, असं त्यात म्हटलंय. पाणबुडी किंवा डायव्हिंगचा अपघात, जीवितहानी झालेला लष्करी गाडीचा अपघात, विमान अपघात, भूकंप-चक्रीवादळासारख्या संकटात मृतदेहांच्या सान्निध्यात करावं लागलेलं काम, हेही त्यात येतं. हात-पाय जाणं किंवा डोक्याला गंभीर इजा यासारखी सेवेतली मोठी दुखापत झाल्यावर एक वर्षाच्या आत मानसिक आजार उद्भवला तर तोही.

त्याच परिच्छेदात सुट्टीबद्दलही आहे, आणि महाराष्ट्रातल्या जवानांच्या कितीतरी केसेस तिथे बसू शकतात. सेवेच्या गरजेपोटी सुट्टी नाकारली आणि त्यानंतर तीन महिन्यांत आजार झाला, तर सेवेमुळे आजार वाढला असं मानता येतं. मात्र कोणत्याही सुट्टीला हे लागू नाही. एकुलता मुलगा असताना आई किंवा वडील वारणं, बायको किंवा मूल वारणं, घरच्यांवर खून-दरोड्यासारखा गुन्हा, अतिरेक्यांच्या धमक्या, नैसर्गिक संकटात कुटुंबाच्या जिवाला धोका, मुलांचं लग्न किंवा एकुलत्या भावावर पडलेलं बहिणीचं लग्न, अशी प्रसंगांची यादीच दिलेली आहे. घरी मयत झालंय, मुलगा एकटाच, आणि पलटण ऑपरेशनमध्ये अडकली म्हणून सुट्टी मिळाली नाही, असं घडलं असेल तर मृत्यूचा दाखला, एकुलता असल्याचा तलाठ्याचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला आणि सुट्टीची नोंद, हे तीन कागद एकत्र लावा. बोर्डाने ज्याला 'घरगुती कारण' म्हणून बाजूला सारलं, तेच इथे सेवेशी जोडलं जातं.

अजून एक बाजू राहते. निदान झाल्यावर 'हत्यार देऊ नये, एकटं ठेवू नये, हाय अल्टिट्यूडला पाठवू नये' अशा अटी कॅटेगरीबरोबर घातलेल्या असतात. तरीही पुढची पोस्टिंग तशाच जागी झाली आणि आजार बळावला, तर वाढीचा मुद्दा जवळजवळ आयता मिळतो. उजव्या रकान्यातली कॅटेगरीची तारीख आणि डाव्या रकान्यातली पोस्टिंगची तारीख शेजारी आली की पुरे.

हे सगळं लिहिताना तुम्ही नेमके केव्हा निवृत्त झालात ते बघा. ३१ डिसेंबर २००७ पर्यंत निघालेल्यांना १९८२ चे एन्टायटलमेंट नियम, १ जानेवारी २००८ पासून २००८ चे, आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे २०२३ चे नियम. नव्या नियमांबरोबर मार्गदर्शिकाही नवी आली आहे आणि मुदत संपवून निघालेल्यांसाठी 'इम्पेअरमेंट रिलीफ' असा वेगळा प्रकार आला आहे. त्यामुळे २०२३ नंतर निघालेल्याने शेजाऱ्याचं जुनं अपील उतरवून काढू नये.

कोर्टांनी काय म्हटलंय

धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार हा २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल प्रत्येक अपिलात असतो, आणि असायलाच हवा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं, पुढे तब्येत बिघडली तर ती सेवेमुळे असं मानायचं, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डाने वेगळं मत दिलं तर त्याची कारणं लिहायची. याच निकालात १९८३ च्या लष्करी वैद्यकीय सेवा विनियमांतल्या परिच्छेद ४२३ चाही आधार घेतलाय. आजाराचं कारण फील्डमध्ये घडलं की पीसमध्ये, याने फरक पडत नाही, असं तो परिच्छेद सांगतो. 'पीस स्टेशनला सुरू झाला' या शेऱ्याला उत्तर म्हणून तो परिच्छेद नावानिशी लिहा. धरमवीर सिंग यांचा आजार फिट्सचा होता, मानसिक नव्हता. पण तत्त्व तेच.

आता अडचणीचा निकाल. नरसिंग यादव विरुद्ध भारत सरकार, ऑक्टोबर २०१९. स्किझोफ्रेनियाच्या या केसमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन नाकारली. मानसिक आजार भरतीच्या धावत्या तपासणीत पकडता येईलच असं नाही, त्यामुळे तेव्हा नोंद नव्हती एवढ्यावरून तो सेवेमुळे झाला असं धरता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. सरकारी वकील हा निकाल पुढे करणार, हे गृहीत धरून चाला. म्हणूनच वरचा दोन रकान्यांचा कागद लागतो. 'भरतीवेळी ठणठणीत होतो' या एकाच खांबावर मानसिक आजाराची केस उभी करू नये. किती वर्षांच्या निरोगी सेवेनंतर, कुठे, कशानंतर आजार आला, हे दाखवावं. सेवेच्या पहिल्या दोन वर्षांतच आजार आला असेल तर केस अवघड आहे, हेही मोकळेपणी सांगायला हवं. बारा-पंधरा वर्षांनंतर आला असेल तर पारडं बरंच तुमच्या बाजूला झुकतं.

मे २०२५ मध्ये राजूमोन टी. एम. यांच्या केसमध्ये, आणि तीही स्किझोफ्रेनियाचीच, सर्वोच्च न्यायालयाने कारणं न देता दिलेलं बोर्डाचं मत ग्राह्य धरायला नकार दिला आणि पेन्शन मंजूर केली. तुमच्या बोर्डात कारणाच्या जागी एकच छापील वाक्य असेल तर हा निकाल आधी लावा. त्याआधी २०१३ च्या वीरपाल सिंग निकालात मानसोपचारतज्ज्ञाचं मत वरवरचं असल्याचं पाहून न्यायालयाने नव्याने बोर्ड बसवायला लावला होता. मानसिक आजारात बोर्डाचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही, हे त्यावरून दाखवता येतं.

अपील, पुन्हा अपील, मग ट्रिब्युनल

पहिलं अपील नकाराचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत, ॲपेलेट कमिटी ऑन फर्स्ट अपील्सकडे, रेकॉर्ड ऑफिसमार्फत. नकाराच्या पत्राच्या शेवटी हे दिलेलं असतं. साध्या कागदावर, हिंदी किंवा इंग्रजीत, दोन-तीन पानं पुरतात: सेवा थोडक्यात, बोर्डाचं कारण जसंच्या तसं, ते का चुकीचं, आणि कागदांची यादी. स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. पुढे मुदतीचा प्रश्न आला की त्या पावतीला सोन्याचा भाव येतो. तिथेही नकार आला तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरं अपील.

लिहायला कुणी हवं असेल तर आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली असून सैनिक बोर्डांच्या ठिकाणी मोफत कायदेशीर मदतीची केंद्रं चालवायची, अशी ती योजना आहे. 'एरियर्समधले अमुक टक्के द्या' म्हणणाऱ्या एजंटांपासून चार हात लांब राहा. वकिलाने निकालाच्या रकमेतला हिस्सा फी म्हणून ठरवणं तर बार कौन्सिलच्या नियमांतच बसत नाही.

अपिलाला सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तर ट्रिब्युनलचा दरवाजा उघडतो. २००७ च्या कायद्याने आलेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं, म्हणजे एएफटीचं, मुंबईतलं खंडपीठ महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी आहे. अंतिम नकारानंतर सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. उशीर झाला तर उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज जोडावा लागतो. पेन्शन ही दर महिन्याला देय असणारी रक्कम असल्याने पंधरा-वीस वर्षांनंतरही दार पूर्ण बंद होत नाही. पण २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून मागची थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळत आली आहे. म्हणून 'बघू पुढच्या दिवाळीनंतर' करू नका, दर महिना खिशातून जातोय. उशिराचं कारण देताना लाजू नका. डिप्रेशनमध्ये माणूस टपाल उघडत नाही, हे खरं कारण आहे, आणि त्या काळातल्या उपचारांचे कागद असले तर पटणारंही. जवान स्वतः उभं राहण्याच्या स्थितीत नसेल तर त्याच्या वतीने पत्नी किंवा वडील अर्ज करू शकतात का, ते वकिलाकडून पहिल्याच भेटीत ठरवून घ्या.

ट्रिब्युनल कधी थेट पेन्शन देतं, कधी नव्याने मेडिकल बोर्ड बसवायला सांगतं. नवा बोर्ड लागला तर निवृत्तीनंतरचे उपचारही बघितले जातात. इथे अनेकांचं गाडं अडतं, कारण घरी आल्यावर गोळ्या बंद करून देवऋषी आणि अंगारे-धुपारेच चाललेले असतात. पेन्शनर असाल तर ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे. नसाल तर जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, किंवा ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं. ओपीडीचा प्रत्येक कागद ठेवा. आणि कागदांच्या पलीकडची गोष्ट: जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर केस बाजूला ठेवून १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

गावात 'वेड्याची पेन्शन घेतो' म्हणतील, मुलीच्या लग्नात आडवं येईल, या भीतीने काही घरं अपीलच करत नाहीत. पेन्शनच्या आदेशाची प्रत कुणाला दाखवायची ते तुमच्या हातात आहे.

पैसे किती

डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात. बोर्डाने ४० टक्के दिलंय आणि शेवटचा पगार ४०,००० आहे असं धरलं तर हिशेबाने ४,८०० होतात. पण पाचव्या वेतन आयोगापासून राउंडिंग ऑफ आहे: ५० च्या आतलं अपंगत्व ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यावर १००. म्हणजे ४० चे ५० होतात आणि ४,८०० चे ६,०००, वर महागाई भत्ता. मुदत संपवून निघालेल्यांनाही हा फायदा मिळतो, हे डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने ठरलं. २०२३ नंतर निघालेल्यांनी मात्र नव्या नियमांप्रमाणेच हिशेब करावा. अपंगत्व किमान २० टक्के लागतं. मात्र आजारामुळेच बोर्ड आऊट केलेल्याचं अपंगत्व २० टक्क्यांहून जास्तच धरायचं, असं २०१४ च्या सुखविंदर सिंग निकालात म्हटलंय. बोर्डाने कमी आकडा टाकला असेल तर तो निकाल जोडा. अर्जात राउंडिंग ऑफची मागणी वेगळ्या ओळीत लिहा. मागितलं नाही तर आदेशात ते राहून जातं आणि पुन्हा फेरी पडते.

निकाल बाजूने लागला तरी सरकार उच्च न्यायालयात किंवा सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतं, त्यामुळे लगेच कर्ज काढून घर बांधायला घेऊ नका. आदेशात दिलेली मुदत उलटली आणि स्थगितीही नाही, तर अंमलबजावणीचा अर्ज त्याच खंडपीठात करता येतो. नवा पीपीओ (पेन्शनचा आदेश) संरक्षण पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर आला की आधी टक्केवारी, मग राउंडिंग, मग थकबाकी कोणत्या तारखेपासून धरलीय ते आदेशाच्या प्रतीशी ताडून बघा. चूक दिसली तर पहिली पेन्शन जमा होण्याची वाट न बघता स्पर्शवरच तक्रार नोंदवा.